पाठकोरं कार्ड

पुंता अरेनासला वारा विचारून येत नाही.
लोकरीच्या या जुन्या गोदामाचं पत्र्याचं दार
तो रोज एकदा तरी आपटून बघतो,
आत अजून कोणी आहे का.

आहेत.
आज एकेचाळीस कुत्री, सतरा मांजरं
आणि एक ससा. कोण ठेवून गेलं कळलं नाही;
खोक्यावर एवढंच लिहिलेलं: गाजर आवडत नाही.

मी पिंजऱ्यांवरची कार्डं लिहिते.
त्याआधी चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या खिडकीत बसून
निधनाच्या जाहिराती उतरवून घेतल्या.
ओळीमागे पैसे. लोक रडता रडता शब्द मोजायचे,
'प्रेमळ' काढू की 'कष्टाळू', मलाच विचारायचे.
इथे ओळीला पैसे पडत नाहीत,
पण कार्ड तळहाताएवढं,
आणि वाचणाऱ्याचा एक पाय आधीच दाराबाहेर.

ओविदिओ म्हणतो, जरा गोड लिही, नेलिदा.
ओविदिओ पहाटे साडेपाचला येऊन सगळ्यांची घाण काढतो,
त्याला बोलायचा हक्क आहे.
तरी मी खोटं लिहीत नाही.
'सोफा खाते. अख्खा.'
'आंधळी आहे. तुम्ही आलात हे तुमच्या बायकोआधी तिला कळेल.'
'जात: किल्त्रो, म्हणजे सगळ्याच.'

तेनास तीनदा परत आला.
एकदा मारुसिच बाईंकडून, नात शिंकायला लागली म्हणून.
एकदा बंदरामागच्या चाळीतून, रात्री रडतो म्हणून.
तिसऱ्यांदा कारण कोणी सांगितलंच नाही;
दाराच्या कडीला दोरी बांधली,
गाडीचं इंजिनही बंद केलं नव्हतं.
दर वेळी मी कार्डावरचं काहीतरी खोडलं.
'मुलांत रमतो' गेलं.
'शांत' गेलं.
उरलं ते असं:
तेनास. वय नऊ. इथेच असतो.

जूनमध्ये सकाळचे नऊ वाजून गेले तरी अंधारच असतो.
अशा एका सकाळी बाउदिलिओ आला,
मासळीच्या कारखान्यातला रात्रपाळीचा वॉचमन,
ड्यूटी संपवून, टोपीवर बर्फ तसंच.
मांजर बघायला आलो म्हणाला.
कार्डं वाचत वाचत शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबला.
मी खोडलेल्या ओळीसुद्धा त्याने
उजेडाकडे धरून वाचल्या.
'रात्री रडतो, म्हणजे किती वाजता?'

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं.
ओविदिओने वही काढली, बोट फिरवलं, अंदाजाने म्हणाला,
दोन, अडीच.
'मग हरकत नाही,' बाउदिलिओ म्हणाला,
'तेव्हा मी कामावर असतो. येईल माझ्याबरोबर.'

फॉर्ममध्ये 'घरातील इतर सदस्य' या रकान्यात
त्याने आधी काहीतरी लिहिलं, मग ते गिरवून काळं केलं.
मला खोडलेलं वाचायची सवय आहे.
मी वाचलं नाही.

तेनास गेल्यावर आठ दिवस मी ते कार्ड
ॲप्रनच्या खिशात ठेवलं. तीनदा पोळलेलं तोंड.
नवव्या दिवशी फोनच्या टेपवर निरोप होता,
रात्री अडीचचा. मागे फ्रीझरची घरघर.
'मी बाउदिलिओ. तो रडत नाहीये.
नुसता बसलाय माझ्या बुटावर.
काही बिघडलंय का?
उद्या फोन कराल?'

ओविदिओने तो निरोप चार वेळा लावला.
पाचव्यांदा लावणार होता, पण भांडी घासायची होती.

कार्डं महाग आहेत, आम्ही दोन्ही बाजू वापरतो.
मी खिशातलं ते काढलं, पालथं केलं,
आणि पाठकोऱ्या बाजूवर सशाचं लिहायला घेतलं.
नाव माहीत नाही. वय माहीत नाही.
दार आपटलं; वाराच होता.
मी लिहिलं: गाजर आवडत नाही.
बाकी तुम्ही विचारा.